कोसमटोल्याचा पाथ

मागच्या आठवड्यात मी पाथ बदलला होता. आज सकाळी मशीन सुरू करून पाह्यलं तं पुन्हा पह्यलेसारखाच.

असं तिसऱ्यांदा झालं. पह्यल्या खेपेले वाटलं, मीच सेव्ह कराले विसरलो असन. दुसऱ्या खेपेले वाटलं, लाईट गेल्ती त्याच्यानं झालं असन. चंद्रपुरात इतकी बिजली बनते, पण आमच्या हापिसातली लाईट रोज जातेच. पण या खेपेले लाईट नोहती गेली. मी विसरलोही नोहतो. मंग कोण बदलते? खोलीत मी, एक मशीन अन् एक एसी. एसी मशीनसाठी, माह्यासाठी नाई.

आधी सांगतो हे काय हाये ते, नाई तं कोणाले समजणार नाई. मलेच अर्धं समजते.

आमचं हापिस हातपंपाचं. कोणत्या गावात पंप हाये, कुठी नाई, कुठचा बिघडला, हे सगळं मशीनमध्ये, म्हणजे कम्प्युटरमध्ये. दर उन्हाळ्यात मशीन एक कार्यक्रम छापून देते. बोअरची गाडी कोणत्या गावी आधी जाईन, कोणत्या गावी मंग. गाडीवाले तो कागद घेऊन निघते. कागदावर नाव नसलं तं गाडी त्या गावातून जाईन, पण थांबणार नाई. अन् एकडाव पाऊस लागला का एटापल्लीच्या आतले नाले भरते, मंग गाडी दिवाळीशिवाय तिकडं जात नाई.

गावांची माहिती फायलीत ठेवली हाये, अन् फाईल कुठी हाये हे प्रोग्रामले सांगाले पाथ लागते. पाथ म्हणजे फायलीचा पत्ताच म्हणा. चांदा/सिरोंचा/कोसमटोला. चांदा म्हणजे जुना चंद्रपूर जिल्हा, सिरोंचा तहसील, कोसमटोला गाव. आता झालं असं, का ज्यानं हे पह्यले टाइप केलं त्यानं जुने कागद पाहून केलं. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन कितीक वर्सं झाले, एटापल्लीची तहसील वेगळी झाली, मशीनमध्ये मात्र सगळं चांद्यातच. आता गडचिरोलीले वेगळी मशीन येणार हाये. येणार येणार करून राह्यले. म्हणून सायबांनी तिकडच्या फायली गडचिरोली नावाच्या वेगळ्या जागी हलवल्या. फायली हलल्या. प्रोग्रामात लिवलेले पाथ हलले नाई. प्रोग्राम बिचारा चांद्यात जाते, तिथी फाईल नाई, हात हलवत वापस येते.

ते पाथ बदलणं हे माहं काम.

माहं नाव खुशाल. मी इंजिनेर नाई. मूल गावात टायपिंग शिकलो, इथी रोजंदारीवर टायपिस्ट म्हणून आलो. मशीनसोबत एक जाडं पुस्तक आल्तं, ते कोणी उघडत नोहतं. मी डिक्शनरी घेऊन वाचलं. बाकीचं शफीभाईनं शिकवलं. शफीभाई आमचे पह्यले ऑपरेटर, घर गडचिरोलीले. दिवाळीत त्यायची बदली तिकडं झाली. तिकडं मशीन नाई, म्हणून दर सोमवारी बसनं इथी येते, आपलं काम करते अन् जाते. सोमवारी मी मूलले असतो. बोअरच्या गाडीचा तळ तिथी हाये, रिपोर्ट आणा लागते. त्याच्यानं आमची गाठ पडत नाई.

प्रोग्राम जिथी ठेवले हाये त्याले आमी तिजोरी म्हणतो. नाव शफीभाईचं. बदल कराचा असला तं प्रोग्राम आपल्या नावानं तिजोरीच्या बाहेर काढाचा. तो तुह्या नावानं बाहेर हाये तवरक दुसऱ्यानं फक्त पाहाचं, हात लावाचा नाई. काम झालं का वापस टाकाचा. टाकताना मशीन विचारते, काय केलं? एक ओळ लिवाची. जुनं मिटत नाई, त्याच्यावर नवीन नंबर चढते. शफीभाईनं मले काढाचं कसं, टाकाचं कसं अन् पाहाचं कसं इतकं दाखवलं अन् म्हणे, "ये ले. तिजोरीचा चार्ज देल्ला तुले."

मी दर खेपेले एकच ओळ लिवतो. पाथ दुरुस्त केला.

आता सगळेच पाथ वापस जाते असं नाई. फक्त रिठांचे जाते.

रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. आमच्या इकडं हे कोणाले सांगा लागत नाई. सरकारी कागदावर नाव राहते, चिंचेचं झाड राहते, चुलीचे गोटे राहते, माणसं नाई. मशीनमध्ये अशा गावांच्या दोन-दोन फायली. कोसमटोला रिठ – माणसं शून्य, पंप एक, चालू. अन् नुसतं कोसमटोला – माणसं हायेत, पंपाचा रकाना खाली. पाह्यलं अन् मले लगेच समजलं, हे एकच गाव होय. लोकं उठले, दुसऱ्या जागी बसले, नाव तेच ठेवलं. टाइप करणाऱ्यानं एका गावाचे दोन केले. नागपूरचा माणूस असता तं दोन गावं समजून सोडून देल्लं असतं. मी इथचा. मी नवीन कोसमटोल्याच्या पंपाचा पाथ जुन्या फायलीवर लावला. माणसं इकडून, पंप तिकडून. गाव पुरं. असे जितके रिठ दिसले, सगळे जोडले. त्या दिवशी मी लगित खूश होतो. चहावाल्याले पण सांगतलं, त्याले काई समजलं नाई.

अन् तेच दर मंगळवारी सुटून राह्यले. मी मोजून पाह्यलं नाई, पण सगळेच. गाव पुन्हा दोन.

मी पुन्हा जोडले. चौथ्यांदा. पाथ दुरुस्त केला.

*

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी बाई आली. बाई म्हणजे माही मोठी बहीण, रुखमा. नर्स हाये. ट्रेनिंगसाठी आठवडाभर चंद्रपूरले आल्ती. हिवाळ्यात तिची बदली एटापल्लीच्या आत झाली, अन् गाव कोणतं, तं कोसमटोला. हे मले मालूम होतं. मशीनमध्ये ते नाव पाह्यलं तवा बरंच वाटलं होतं, का चला, बाईच्या गावात पंप हाये.

ती आली ते सीधी नळावर गेली. पाय धुतले, तोंड धुतलं, मंग नळ तसाच सुरू ठेवून पाहत बसली.

"बाई, टाकी खाली होईन. घरमालकीण बोंबलन."

"बोंबलू दे. मले पाहू दे जराशी."

"काऊन, तुह्या गावात पाणी नाई काय?"

"हाये ना. नाल्यात वाळू खोदाची. झिरा लागला का वाटीनं भराचं. पाण्याचा एक गुंड भराले इतका वेळ लागते का तवरक पोरगं झोपून उठते."

"पण पंप हाये तुह्या गावात."

"कोण म्हणते?"

"मशीन म्हणते. पंप एक, चालू."

बाईनं नळ बंद केला. "मंग मशीनले म्हण, आमच्याकडं येऊन दोन गुंड भरून दे. मी चहा पाजतो तिले."

मी हसलो. ती नाई हसली. पदरानं तोंड पुसत खाटेवर बसली.

"पंप रिठात हाये, खुशाल. जुन्या गावात. नाल्याच्या पल्याड, जंगलात."

"चालू हाये ना पण?"

"चालू हाये. मी हापसून पाह्यला. पाणी गोड."

"मंग आणाचं ना तिथून. दूर हाये काय लगित?"

"तिथी कोणी जात नाई. तिथी लागोपाठ माणसं मेले. पुजाऱ्यानं पाह्यलं, जागा खराब झाली म्हणे, गाव उठवलं. एकडाव उठलं ते उठलं. तिथचं पाणी घरात आणत नाई."

"तू नर्स होय. तू सांग ना त्यायले."

"सांगतलं. सांगून थकली तं मी सोता एक गुंड भरून आणला, दवाखान्यात ठेवला. मंग काय, आठवडाभर एक बाई आली नाई दवाखान्यात. एकीचा ताप डोक्यात चढला तरी आली नाई. गुंड बाहेर उलटा केला तवा आले." पदर सारखा करून म्हणे, "मागच्या उन्हाळ्यात हगवणीनं दोन लेकरं गेले तिथी. तवा मी नोहती. आता मी हाये. झिऱ्याचं पाणी आटलं का हिरवं येते. मले भेव लागते रे."

माह्या डोक्यात मशीनचा पडदा दिसून राह्यला होता. कोसमटोला, माणसं इतके, पंप एक, चालू. ते मी जोडलं होतं. लोकं उठून गेले म्हणून मी पंपही उठवला. पंप काई उठत नाई. तो जमिनीत असते.

"शुक्रवारी कार्यक्रम छापणार हाये," मी म्हटलं. "उद्या मी सुधारतो. येईन तुह्या गावाचं नाव."

"सुधारतो म्हणजे? बिघडवलं कोणं?"

"मीच."

"वा बाप्पा," बाई म्हणे. "अन् घरचे सांगत फिरते, खुशाल मशीनवर लागला."

*

बुधवारी हापिसात गेलो, गावांचा प्रोग्राम काढाले लागलो. मशीन म्हणे, नाई भेटत. शफीच्या नावानं बाहेर हाये.

मी खुर्चीवर तसाच बसून राह्यलो. शफीभाईले या प्रोग्रामाचं काय काम? अन् त्यायनं सोमवारी काढला, तं वापस काऊन नाई टाकला? तिजोरीत पाह्यलं तं मी चौथ्यांदा जोडलेलं तसंच होतं. या खेपेले सुटलं नोहतं. जवा सुटाले नोको होतं तवा सुटलं, अन् आता सुटाले पाह्यजे तं पक्कं बसलं. अन् शुक्रवारी कागद तिजोरीतूनच निघणार.

पुस्तकात लिवून हाये, दुसऱ्याचं कुलूप तोडता येते. पण पुस्तक अमेरिकेतलं. आमच्या हापिसात एखाद्याची बदली झाली अन् कपाटाची चाबी त्याच्याजवळ राह्यली तं लोकं महिनाभर पंख्याखाली बसून राहते, पण कपाट तोडत नाई. मी पिंपळशेंडे सायबाकडं गेलो.

सायेब म्हणे, "कोणाच्या नावावर हाये?"

"शफीभाईच्या."

"मंग शफीले विचार."

"सायेब, तोडता येते ते. पुस्तकात हाये."

"तोडता मलेही येते. उद्या शफी म्हणन, माह्या चार्जमधली वस्तू गायब झाली. मंग तू सही करशीन काय? तू तं रोजंदारीवर."

"फोन लावू का?"

"लाव ना. लागला तं मलेही दे, मले बी काम हाये त्याच्याशी."

गडचिरोलीचा फोन लागला नाई. दिवसभर नाई लागला.

गुरुवारी मी सकाळच्या बसनं गेलो. मूल आलं, सावली आलं, वैनगंगेच्या पुलावरून पाह्यलं तं नदीत वाळूच जास्त. खिडकीतून झळा येऊन राह्यल्या होत्या. शफीभाईले काय म्हणाचं ते मी पूर्ण रस्ता जमवून राह्यलो होतो. वेड्यासारखं तोंड हलत असन माहं, शेजारची बाई सरकून बसली.

गडचिरोलीच्या हापिसात शफीभाईचा टेबल व्हरांड्यात होता. टेबलावर काई नाई, एक पेपरवेट. रमजान सुरू होता. डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसले होते.

"आला काय डाकू," शफीभाई म्हणे. "बस. पाणी पी तिकडं माठातलं, माह्या समोर नोको पिऊ."

मी पाणी नाई पेलो. "शफीभाई, तुमी माहा पाथ काऊन बिघडवून राह्यले?"

"मी? अबे, मी दर सोमवारी तुहं बिघडलेलं नीट करतो. रोजा धरून, मूलले बस बदलून. गडचिरोलीच्या फायली माह्या होय. मी नीट करून जातो, पुढच्या सोमवारी येतो तं फिर वही."

"मले वाटे लाईटच्यानं होऊन राह्यलं."

"मले वाटे सायेब करवून राह्यला. म्हटलं बडे लोगों का मामला, कायले विचाराचं. मंग या सोमवारी डोकं फिरलं. नीट केला अन् आपल्या नावानं बाहेरच ठेवला. आता कोण हात लावते पाहू."

"पण वापस टाकलाच नाई तं नीट केलेलं छापणार कसं?"

शफीभाईनं दुपट्टा काढला, पुन्हा ठेवला. "टाकला असता तं तू फिर बिघडवला असता."

"आता नाई बिघडवत."

"काऊन? तुहं चूक होतं काय?"

"नाई. गाव एकच होय ते."

"मंग माहं चूक?"

"नाई. तुमचं बरोबर हाये. फायली दोनच पाह्यजे."

"गाव एक, फायली दोन."

"हो. माणसं एका जागी, पंप दुसऱ्या जागी, अन् पंपाचं पाणी कोणी पेत नाई."

"यार खुशाल, रोज्यात असं नोको बोलू. डोक्यात पाणी नाई माह्या."

मंग मी बाईचं सगळं सांगतलं. झिरा, गुंड, लेकरं. शफीभाई ऐकून राह्यले. शेवटी मी विचारलं, "तुमाले हे मालूम होतं काय? म्हणून दोन ठेवले?"

"मले काय मालूम. मी ते गाव पाह्यलंही नाई. कागदावर दोन होते, मी दोन ठेवले." पेपरवेट फिरवत म्हणे, "तुले मालूम होतं म्हणून तू चुकला. मले मालूम नोहतं म्हणून मी बरोबर. अजीब हाये."

मले ते काई अजीब नाई वाटलं. मले वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "उद्या येता काय?"

"उद्या जुम्मा हाये. पह्यल्या बसनं येतो. बारा वाजता मी मस्जिदीत पाह्यजे, इतकं ध्यानात ठेव."

*

शुक्रवारी शफीभाई आले. मशीनसमोर बसले अन् आधी मले एक नवीन गोष्ट दाखवली. तिजोरीले विचारलं तं ती कोणी कवा काय केलं ते दाखवते. हे पण असते हे मले मालूमच नोहतं. पडद्यावर ओळी आल्या. खुशाल, पाथ दुरुस्त केला. शफी, पाथ दुरुस्त केला. खुशाल, पाथ दुरुस्त केला. शफी, पाथ दुरुस्त केला.

सायेब मागून पाहून राह्यले होते. म्हणे, "दोघंही दुरुस्तच करून राह्यले होते. मंग बिघडवलं कोणं?"

शफीभाईनं त्या ओळी पडद्यावरून काढल्या.

शफीभाईनं आपला प्रोग्राम वापस टाकाले बोट उचललं तं सायेब म्हणे, "थांब. याच्यात फक्त ते कोसमटोला हाये काय?"

"नाई सायेब. सगळे रिठ. खुशालनं जितके जोडले तितके मी सोडले."

"म्हणजे कार्यक्रमात तितके गावं वाढणार."

"हो."

"पाऊस लागेपर्यंत गाडीचं काम ठरलेलं हाये. गावं वाढले म्हणून दिवस वाढणार नाई." सायेब खुर्ची ओढून बसले. "या बाकीच्या रिठांत काय हाये? तिथचं पाणी लोकं पेते का नाई पेत?"

शफीभाईनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "मले कोसमटोल्याचंच मालूम हाये. बाई तिथी राहते म्हणून."

"बाकीचे?"

"बाकीचे नाई मालूम. असन एखादं गाव, जिथी रिठ जवळ हाये अन् लोकं पाणी आणते. असन एखादं, जिथी नाई आणत."

"मंग मी काय छापू?" सायेब म्हणे. रागानं नाई, खरंच विचारलं. "तुमी दोघं मशीनवाले. सांगा. खात्रीचं तेवढं घ्यायचं, का सगळं?"

शफीभाई म्हणे, "दोन्ही काढून पाहू ना सायेब. आधी पाहाले काय जाते."

मी एकट्या कोसमटोल्याचा जोड सोडून पाह्यलं. मशीन माणसं मोजून गावं लावते, जिथी माणसं जास्त अन् पंप नाई ते वर. पडद्यावर कोसमटोला आलं. गाडी जिथवर जाऊ शकते, त्याच्या आत आलं. मंग शफीभाईच्या प्रोग्रामातून पाह्यलं. सगळे रिठ सुटले. तुमडीटोला वर आलं, बोरमेटा वर आलं, अजून कितीक. कोसमटोला लहान गाव. सरकत सरकत खाली गेलं. सायबांनी पडद्यावर बोट ठेवलं, इथवर. कोसमटोला बोटाच्या खाली होतं.

शफीभाईनं घड्याळ पाह्यलं. "खुशाल, तू सांग. तूच जोडले होते."

मी विचार करून राह्यलो. मी न पाहता जोडले, ते चूक झालं. आता न पाहता सोडणं तरी बरोबर कसं? कोसमटोल्याचं मले मालूम हाये. ते करणं खरं. बाकीचं मालूम नाई ते करणं अंदाज. मंग खरं तेवढं करावं. पण खरं मले बहिणीच्यानं मालूम झालं. तुमडीटोल्यात माही बहीण असती तं तुमडीटोला खरं झालं असतं. अन् तिथी पंप नाई असं कागदावर पह्यलेपासून होतं. हाये असं मी केलं. मी बोट लावलं नसतं तं ते गाव आजही वरच राह्यलं असतं. असं उलटंसुलटं फिरत होतं डोक्यात.

"सगळे सोडा," मी म्हटलं.

"पक्कं?" सायेब म्हणे.

"पक्कं नाई सायेब. पण सोडा."

शफीभाईनं वापस टाकला. मशीननं विचारलं, काय केलं. शफीभाई थांबले, मंग कीबोर्ड माह्याकडं सरकवला. मी काय लिवू ते सुचेना. शेवटी लिवलं, खुशालनं न पाहता जोडलेले रिठ वेगळे केले, पंप कोणत्या जागी हाये ते गावात जाऊन पाहा लागते. ओळ लांब झाली. मशीननं घेतली.

प्रिंटर करकर करत कागद काढाले लागला. शफीभाई मस्जिदीत गेले. सायबांनी बोट ठेवलं होतं तिथी लाल पेन्सिलनं रेघ मारली अन् कागद मूलच्या तळावर पाठवाले देल्ला.

*

शनिवारी बाईची बस होती. स्टँडवर ती आधीच येऊन बसली होती. सामानात एक नवीन प्लास्टिकची कॅन, पांढऱ्या कपड्याचा गठ्ठा पाणी गाळाले, अन् औषधाचं खोकं.

"आलं काय नाव?" बाई म्हणे.

"आलं. पण रेघेच्या खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवाळीनंतर."

तिनं कॅन मांडीवर घेतली. समोर एक बस मागं घेऊन राह्यले होते, कंडक्टर शिटी वाजवत होता. मले चूप राहता नाई येत. मी सांगतलं सगळं. रिठ कसे सोडले, बाकीचे गावं कसे वर आले.

"अन् एकट्या कोसमटोल्याचं केलं असतं तं?"

"तं वर आलं असतं."

बाईनं माह्याकडं पाह्यलं. "हे मले सांगाची काई गरज नोहती, खुशाल."

"खोटं कसं सांगू?"

"खोटं नोको सांगू. चूप राहाचं. चूप राहणं पुस्तकात नाई काय तुह्या?"

मले वाटलं रडते का काय. पण ती कॅनचं झाकण घट्ट करत होती. घट्टच होतं, तरी करत होती. मंग म्हणे, "वर कोण आलं?"

"तुमडीटोला. बोरमेटा. तिकडचेच."

"तुमडीटोला माह्याच भागात हाये. तिथी माह्या दोन बाया हायेत दिवस गेलेल्या. ते लोकं नाल्याचंच पेते. रिठाचं नाई पेत." तिनं कॅन खाली ठेवली. "म्हणजे तुहं एक तरी बरोबर निघालं."

"मालूम नोहतं मले."

"मालूम नोहतं ते समजलं मले." तिनं सामान उचललं. "गाडी तुमडीटोल्याले कवा येईन?"

"पंधरा-वीस दिवसात येईन."

"मंग मी तिथीच राहीन तवरक. तिथून कोसमटोला काई लगित दूर नाई. गाडीवाल्याले म्हणीन, इतकं आला तं अजून एक दिवस चाल. जेवण मी देतो, माणसं गावातले लावतो."

"बाई, कागदावर नाव रेघेच्या खाली हाये. तो नाई ऐकणार."

"कागद तुहा. गाडी तं माणूस चालवते ना."

बस लागली. ती चढली, खिडकीची जागा भेटली नाई, मधात उभी राह्यली कॅन धरून. हात बी नाई हलवला. बस गेली.

मी हापिसात आलो, सुट्टी होती तरी. मशीन सुरू नाई केली. आता गाडीवाल्यानं ऐकलं तं एखाद्या सोमवारी मूलच्या तळावर रिपोर्ट येईन, कोसमटोला, पंप एक, चालू. रेघेखालच्या गावचा रिपोर्ट मले मशीनमध्ये टाका लागन, अन् सायेब विचारन हा कुठून आला. अन् त्या एका दिवसाच्यानं रेघेच्या वरचं कोणतं तरी गाव पाऊस लागाच्या आधी राहून जाईन, त्याचं नावही मले मालूम असन, कागद माह्याजवळच हाये. अन् गाडीवाल्यानं नाई ऐकलं तं बाई दिवाळीपर्यंत कपड्यानं पाणी गाळत राहीन. दोन्हीतलं काय व्हावं असं मले वाटते, ते मी कितीक वेळ विचार केला. मले वाटते त्यानं ऐकावं. मंग सगळे रिठ काऊन सोडाले लावले मी, हे मले अजून समजून नाई राह्यलं.